यादीतून न निघालेली नावं

क्रिप्टोग्राफीची कुठलीही लायब्ररी घ्या, तिच्या माहितीपुस्तिकेत आधी भेटते ती यादी. कोणते अल्गोरिदम उपलब्ध आहेत, प्रत्येकाचं नाव काय, किल्ली किती बिटांची, ब्लॉक किती बाइटांचा, एवढं त्यात असतं. लायब्ररी म्हणजे प्रोग्रामरने स्वतः न लिहिता आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचा तयार कोड. मोबाइलवरून पैसे पाठवताना, डिजिटल सही करताना किंवा साधं वेबपान उघडताना जी गुप्तता पाळली जाते, ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या लायब्ररीच्या भरवशावर. गेल्या तीसएक वर्षांत या लायब्रऱ्यांना एक ठरावीक घडण आली आहे. प्रोग्रामने फक्त अल्गोरिदमचं नाव सांगायचं. मागे कोणाचा कोड बसवायचा ते लायब्ररी पाहून घेते. एक अल्गोरिदम काढून दुसरा लावता यावा, हा त्यामागचा हेतू. इतिहास तपासला तर मात्र दिसतं ते असं, की लावण्याचं काम या घडणीने उत्तम केलं आणि काढण्याच्या कामात ती वारंवार कमी पडली. गेल्या दोन-तीन दशकांतले कितीतरी गंभीर हल्ले, लावणं आणि काढणं यांच्यामधल्या त्या रिकाम्या काळात घुसले. म्हणून उपलब्ध अल्गोरिदमांची यादी देणं हे निव्वळ तांत्रिक वर्णन आहे असं मी मानत नाही. ज्या यादीत निवाडा नाही ती वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

पद्धत वेगळी आणि किल्ली वेगळी, ही कल्पना रुजण्यापूर्वी पद्धत बदलण्याची भाषाच शक्य नव्हती. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. तिथे एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह योजलेलं असे, आणि ती योजना पंथाबाहेर न जाणं हीच सगळी सुरक्षितता. शतकानुशतकं ती टिकली. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ही योजना अभ्यासकांना कळली तेव्हा एखादीच पोथी उघडली असं झालं नाही. त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्या वाचता येऊ लागल्या. मराठी वाङ्मयाला त्याचा अपार लाभ झाला. पद्धत हेच गुपित असेल तर ते एकदाच फुटतं आणि सगळ्यांसाठी फुटतं, हेही त्यातून दिसतं. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावरच्या आपल्या लेखात याच्या नेमकं उलट तत्त्व मांडलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता यावी. पुढच्या शंभर वर्षांनी हे तत्त्व स्वीकारलं आणि त्याच्यापुढचं एक पाऊल टाकलं. पद्धत उघड असेल तर तिला नाव देता येतं, ते छापता येतं, आणि दोन अनोळखी माणसं त्या नावावर एकमत करून बोलू शकतात. अल्गोरिदमांची यादी शक्य झाली ती यामुळे.

या यादीतलं पहिलं मोठं नाव डीईएस. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९७३ मध्ये माहितीच्या संरक्षणासाठी एक प्रमाण पद्धत हवी असल्याचं जाहीर केलं. आयबीएममधल्या होर्स्ट फाइस्टेल यांच्या कामावर बेतलेली पद्धत पुढे आली आणि जानेवारी १९७७ मध्ये प्रमाण म्हणून छापली गेली. तिची किल्ली ५६ बिटांची. एवढी किल्ली अपुरी आहे, सगळ्या शक्यता एकामागून एक तपासणारं यंत्र साधारण दोन कोटी डॉलरमध्ये बांधता येईल, असं व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्याच वर्षी लिहिलं. म्हणजे पहिल्या प्रमाणाच्या जन्माबरोबरच त्याच्या मृत्यूचा हिशेब मांडला गेला होता. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात असं यंत्र खरोखर बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधली. नवा अल्गोरिदम निवडण्याची खुली स्पर्धा त्याआधीच, १९९७ मध्ये, जाहीर झाली होती. तिच्यात पंधरा प्रस्ताव आले, पाच अंतिम फेरीत पोचले, आणि बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन यांचा राइनडाल ऑक्टोबर २००० मध्ये निवडला जाऊन पुढच्या वर्षी एईएस झाला. ही स्पर्धा क्रिप्टोग्राफीच्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक सार्वजनिक व्यवहार होता, असं मला वाटतं. तरीही डीईएसचं प्रमाण मागे घेतलं गेलं ते २००५ मध्ये, आणि डीईएस तीनदा चालवून केलेल्या ट्रिपल डीईएसला अमेरिकी सरकारी वापरात मज्जाव झाला तो २०२३ संपल्यावर. नवं नाव यादीत यायला चार-पाच वर्षं लागली. जुनं पूर्णपणे जायला त्यानंतर दोन दशकं लागली.

अल्गोरिदम आपोआप बदलता यावा अशी घडण कुठून आली, याचं एक उत्तर अभियांत्रिकीत आहे आणि दुसरं अमेरिकेच्या निर्यात कायद्यात. नव्वदच्या दशकात बराच काळ अमेरिकेत क्रिप्टोग्राफी शस्त्रसामग्रीच्या यादीत होती. परदेशी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे ४० बिटांचीच किल्ली चालत असे, म्हणून कंपन्यांना एकाच उत्पादनाच्या दोन आवृत्त्या काढाव्या लागत, एक देशासाठी आणि एक जगासाठी. अशा वेळी क्रिप्टोग्राफीचा भाग वेगळा काढता-लावता येणं ही व्यापाराची गरज होती. पण सरकारच्या हेही लक्षात आलं की कमकुवत भाग काढून तिथे ग्राहकाने स्वतःच मजबूत भाग बसवला तर निर्बंधाला अर्थ उरत नाही. म्हणून नुसती रिकामी खाच असलेलं सॉफ्टवेअरही नियंत्रणाखाली आलं. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेल्या क्रिप्टोएपीआयमध्ये तिसऱ्या पक्षाचा प्रोव्हायडर, म्हणजे अल्गोरिदमचा प्रत्यक्ष कोड पुरवणारा भाग, बसवता येत असे, मात्र त्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही हवी. जावाने १९९७ मध्ये, आवृत्ती १.१ मध्ये, प्रोव्हायडरची रचना आणली, पण खरं एन्क्रिप्शन करणारा विस्तार वेगळा ठेवला आणि तो अमेरिका व कॅनडाबाहेर दिला नाही. २००२ मध्ये तो विस्तार जावाच्या पोटात आला, तोही किल्लीची लांबी मर्यादित ठेवणाऱ्या धोरण-फायलींसकट. अमेरिकेने निर्यातीचे नियम जानेवारी २००० मध्ये बरेच सैल केले होते. जावातली ही मर्यादा मूळ स्थितीत उठली ती मात्र २०१७ आणि २०१८ मध्ये. मधल्या काळात २५६ बिटांची एईएस किल्ली वापरू पाहणाऱ्या कितीतरी प्रोग्रामरांना आधी दोन फायली वेगळ्या उतरवून घ्याव्या लागल्या. काही देशांच्या आयात-नियमांचं कारण त्यासाठी दिलं जाई. कारण काहीही असो, एका राजकीय निर्णयाची खूण तो निर्णय बदलल्यावर सतराएक वर्षं यादीत राहिली.

यादीतलं एक नाव जवळून पाहण्यासारखं आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सुरक्षित संवादाचा नियम म्हणजे टीएलएस, त्याआधीचा एसएसएल. त्यात अल्गोरिदमांचे संच ठरवलेले असतात आणि प्रत्येक संचाला नाव व क्रमांक असतो. क्रमांक तीनचा संच असा: टीएलएस_आरएसए_एक्सपोर्ट_विथ_आरसी४_४०_एमडी५. संवादाची किल्ली आरएसएने पोचवायची, तीही निर्यातीपुरती म्हणजे ५१२ बिटांची. मजकूर आरसी४ने झाकायचा, किल्ली ४० बिटांची. आणि मजकुरात फेरफार झालेला नाही हे एमडी५ने तपासायचं. या एका नावातल्या चारही गोष्टी आज मोडीत निघालेल्या आहेत. ४० बिटांच्या किल्लीने झाकलेला संवाद फ्रान्समधल्या दामियाँ दोलिझे यांनी १९९५ सालीच संस्थेतले संगणक वापरून आठ दिवसांत उघडला होता. संच क्रमांक शून्य तर याहून बोलका आहे, त्यात तिन्ही जागी काहीच नाही असं लिहिलेलं आहे. बोलणी सुरू होण्यापूर्वीची स्थिती दाखवायला तो ठेवला होता आणि त्याला तांत्रिक कारणही होतं. पण काहीच न करणं हाही एक पर्याय म्हणून यादीत बसला की काय होतं, ते जेसन वेब टोकन या, वेबवर ओळख पटवणाऱ्या सही केलेल्या छोट्या मजकुराच्या बाबतीत २०१५ मध्ये उघड झालं. त्या टोकनच्या मथळ्यातच सही कोणत्या अल्गोरिदमने तपासावी ते लिहिलेलं असतं आणि उपलब्ध नावांत ‘नन’ हे नाव होतं. हल्लेखोराने मथळ्यात ते लिहावं आणि काही लायब्रऱ्यांनी कसलीही सही न तपासता टोकन खरं मानावं, असा प्रकार झाला.

निर्यातीच्या त्या संचांचा हिशेब चुकता व्हायला पंधरा वर्षं लागली. नियम सैल झाल्यावर ते संच कोणी नव्याने मागत नव्हतं, पण सर्व्हरच्या यादीत ते तसेच होते. कोणाचं काही अडत नव्हतं, म्हणून कोणी काढले नाहीत. मार्च २०१५ मध्ये फ्रीक नावाचा हल्ला जाहीर झाला. मध्ये बसलेल्या हल्लेखोराने ब्राउझरची मागणी वाटेत बदलायची आणि सर्व्हरकडे निर्यातीची किल्ली मागायची. यादीत नाव असल्याने सर्व्हर ती देणार, आणि ब्राउझरमागच्या लायब्ररीतल्या चुकीमुळे न मागितलेली किल्ली स्वीकारली जाणार. ५१२ बिटांचा आकडा फोडायला तोवर भाड्याच्या संगणकांवर साधारण शंभर डॉलर आणि काही तास पुरत होते. ओपनएसएसएल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांच्या लायब्रऱ्या यात सापडल्या. दोनच महिन्यांनी लॉगजॅम आला, तोही निर्यातीच्याच दुसऱ्या संचावर. आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये ड्राउन आला, तो तर १९९५ च्या एसएसएल २ चा आधार घेऊन. हे तिन्ही हल्ले नव्या अल्गोरिदमात दोष सापडल्यामुळे झालेले नाहीत. दोष सगळ्यांना आधीपासून माहीत होते. मेलेलं नाव यादीत जिवंत होतं, एवढंच कारण.

हॅशच्या, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या अल्गोरिदमच्या, बाबतीत कथा याहून गंभीर आहे, कारण तिथे इशारे एकामागून एक आणि अगदी स्पष्ट होते. रॉन रिव्हेस्ट यांचा एमडी५ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९६ मध्ये जर्मनीच्या हान्स डॉबर्टिन यांनी त्याच्या गाभ्यात दोष दाखवला. २००४ मध्ये वांग शाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर लोकांपुढे ठेवले. डिसेंबर २००८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने सुमारे दोनशे प्लेस्टेशन ३ यंत्रं वापरून, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचंच बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवलं. यानंतर तरी एमडी५ कुठेही सहीसाठी उरायला नको होता. पण मायक्रोसॉफ्टच्या टर्मिनल सर्व्हरच्या परवाना-व्यवस्थेत तो उरला होता, आणि २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामने त्याच वाटेने मायक्रोसॉफ्टची सही बनवून स्वतःला विंडोजच्या अपडेटच्या रूपात पसरवलं. इशाऱ्यापासून घातापर्यंत सोळा वर्षं गेली. एव्हाना शहा-१ आणि शहा-२ हे दोन्ही नवे हॅश यादीत येऊन बराच काळ लोटला होता. पर्याय नव्हता म्हणून हे घडलं असं म्हणायला जागाच नाही.

आता यादीचं वर्णन कसं केलं जातं ते पाहा. लिनक्सच्या गाभ्यात २००२ पासून क्रिप्टोग्राफीची अशीच जोडता येणारी व्यवस्था आहे आणि चालू यंत्रावर उपलब्ध अल्गोरिदम /प्रॉक/क्रिप्टो या फायलीत वाचता येतात. सीबीसी(एईएस) अशी एक नोंद घ्या. खाली ड्रायव्हरचं नाव, मग प्राधान्य: सर्वसाधारण कोडला १००, इंटेलच्या प्रोसेसरमधल्या खास सूचना वापरणाऱ्या कोडला ४००, म्हणजे दोन्ही असतील तर दुसरा निवडला जाईल. पुढे ब्लॉक १६ बाइटांचा, किल्ली किमान १६ आणि कमाल ३२ बाइटांची, आणि स्व-चाचणी उत्तीर्ण. नीटनेटकी, उपयोगी नोंद आहे. पण तिथल्या प्राधान्याच्या आकड्याचा संबंध वेगाशी आहे, सुरक्षिततेशी नाही. आणि स्व-चाचणी उत्तीर्ण याचा अर्थ उत्तर गणिताप्रमाणे बरोबर येतं एवढाच. एमडी५च्या नोंदीतही स्व-चाचणी उत्तीर्ण असंच लिहिलेलं आढळेल, कारण एमडी५ अगदी बरोबर चालतो; प्रश्न त्याच्यावर विसंबावं का हा आहे, आणि त्या प्रश्नाला या फायलीत रकाना नाही. लिनक्सवर माझा राग नाही. जवळपास प्रत्येक लायब्ररीची यादी बराच काळ अशीच होती. औषधांच्या दुकानात बाटल्यांवर नाव आणि वजन छापलेलं असावं, पण मुदत संपल्याची तारीख नसावी, तसा हा प्रकार आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की लायब्ररी ही हत्यारं पुरवते, वापरणाऱ्याने समजून वापरावं. निवाडा करणं हे तिचं काम नव्हे. हा आक्षेप पटला असता, जर लायब्ररी खरोखर तटस्थ राहू शकली असती. जावामध्ये प्रोग्रामरने नुसतं एईएस एवढंच नाव सांगितलं तर प्रचलित प्रोव्हायडर ते ईसीबी या पद्धतीने चालवतो. या पद्धतीत सारख्या मजकुराचा प्रत्येक ब्लॉक सारखाच झाकला जातो. पगाराच्या हजार नोंदींत जिथे जिथे १६ बाइटांचा तोच तुकडा तसाच मांडलेला येतो, तिथे तिथे झाकलेलं रूपही तेच येतं, आणि किल्ली नसलेल्या माणसालाही कोणत्या नोंदी जुळतात ते कळतं. प्रोग्रामरने काहीच चुकीचं लिहिलेलं नाही; त्याने न सांगितलेली गोष्ट लायब्ररीने ठरवली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी क्रिप्टोग्राफी वापरणारी ११,७४८ अँड्रॉइड ॲप्स तपासली आणि ८८ टक्क्यांत निदान एक तरी मूलभूत चूक आढळली. इतक्या मोठ्या प्रमाणावर होणारी चूक ही व्यक्तींची राहत नाही. मूळ स्थिती निवडणं हाच निवाडा असतो. तो केलाच जातो, फक्त लिहून ठेवला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या फायली, जुनी संग्रहित पत्रं, जुनी यंत्रं उघडायला जुने अल्गोरिदम लागतात. ते काढले तर लोकांचा माहितीवरचा हक्कच जातो. हे खरं आहे, आणि काढून टाकण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी ते गंभीरपणे घ्यायला हवं. ओपनएसएसएलने सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत यावर तोडगा काढला. आरसी४, आरसी२, एमडी४, ब्लोफिश, एकपदरी डीईएस अशी नावं लेगसी नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये गेली. हवी असतील तर तो मुद्दाम चढवावा लागतो. दीडएक महिन्यात जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या नोडची १७ वी आवृत्ती आली, तिच्या पोटात ही नवी आवृत्ती होती, आणि जगभरचे वेब-प्रोजेक्ट एका त्रुटी-संदेशावर अडकले, कारण वेबपॅक हे साधन फायलींच्या ओळखीसाठी एमडी४ वापरत होतं. तिथे गुप्ततेचा संबंधही नव्हता. बहुतेकांनी केलं काय, तर लेगसी प्रोव्हायडर चालू करणारा एक पर्याय शोधून आपल्या स्क्रिप्टमध्ये कायमचा टाकला, आणि एका एमडी४ साठी ती सगळीच जुनी नावं पुन्हा हाताशी आली. यावरून काढणं व्यर्थ आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. मला त्यातून वेगळं दिसतं. वाचणं आणि लिहिणं या दोन परवानग्या आहेत आणि त्या वेगळ्या द्यायला हव्यात. गूगलच्या टिंक लायब्ररीत, जी २०१८ मध्ये जाहीर झाली, किल्ल्यांचा एक संच असतो. त्यातली एकच किल्ली प्रमुख असते आणि नवं झाकण्याचं काम फक्त तीच करते, बाकीच्या जुनं उघडण्यापुरत्या. अल्गोरिदम किल्लीबरोबरच बांधलेला असतो. जुनी माहिती हरवत नाही आणि जुन्या पद्धतीने नवी माहिती तयारही होत नाही.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात, बदलता येण्याची सोयच नको. वायरगार्ड हे त्यांचं उदाहरण. जेसन डोननफेल्ड यांनी लिहिलेला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेला हा गुप्त जोडणीचा प्रोटोकॉल कोणता अल्गोरिदम वापरायचा याची वाटाघाटच करत नाही. चाचा२०, पॉली१३०५, कर्व्ह२५५१९, ब्लेक२एस, एवढेच अल्गोरिदम. एखादा मोडला तर संपूर्ण नवी आवृत्ती काढायची. वाटाघाट नाही म्हणून फ्रीकसारखा हल्लाही नाही. या युक्तिवादाचं मोल मी कमी लेखत नाही, आणि जिथे दोन्ही टोकं एकाच्याच ताब्यात आहेत तिथे हाच मार्ग उत्तम. पण सगळीकडे तसं नसतं. प्रोग्रामच्या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटने २००५ मध्ये शहा-१ गाभ्यातच बसवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी शहा-१ ची पहिली प्रत्यक्ष टक्कर दाखवली, एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली. गिटमध्ये शहा-२५६ प्रायोगिक स्वरूपात आला २०२० मध्ये, प्रायोगिक हा शिक्का निघाला २०२३ मध्ये, आणि जुन्या-नव्या भांडारांनी एकमेकांशी बोलणं हा अजूनही त्रासाचा भाग आहे. खाच ठेवली नाही म्हणून मोडलेला अल्गोरिदम सुटत नाही. उलट तो भिंतीत चिणलेला राहतो. तेव्हा उपाय खाच बुजवण्यात नाही. खाचेत एका वेळी थोडी आणि तारीख लावलेली नावं असावीत, यात आहे.

भारतापुरतं पाहिलं तर सरकारी याद्यांनीही हाच धडा दिला आहे. इंटरनेट सेवेच्या परवान्यांत ४० बिटांपेक्षा लांब किल्ली वापरायची तर परवानगी घ्यावी असं कलम होतं, आणि २००१ मध्ये मुंबईतून रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १२८ बिटांचं एसएसएल सांगितलं होतं. एकाच देशातली ही दोन बंधनं वर्षानुवर्षं शेजारी नांदली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४ अ खाली सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. झाकलेल्या मजकुराची मूळ प्रत ९० दिवस जपून ठेवायच्या अटीवर तेव्हा देशभर टीका झाली, २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेतला गेला, आणि त्या गदारोळात त्यातल्या अल्गोरिदमांच्या यादीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. त्या यादीत एईएस आणि ट्रिपल डीईएसच्या बरोबरीने आरसी४ हे नाव होतं. टीएलएसमध्ये आरसी४ वापरायला जागतिक मानकाने त्याच वर्षी फेब्रुवारीत बंदी घातली होती. अडाणीपणाचा आरोप करून हे सोडून देता येणार नाही. कायद्यात नाव लिहिलं की ते बदलायला अधिसूचना लागते, आणि अल्गोरिदम अधिसूचनेची वाट पाहून मोडत नाहीत. कायद्याने ‘काय साधायचं’ ते सांगावं आणि नावं अशा जागी ठेवावीत जिथे ती महिन्याभरात बदलता येतात.

सुधारणा झालीच नाही असं मात्र नाही. जावाने २०११ मध्ये, आवृत्ती ७ मध्ये, नाकारलेल्या अल्गोरिदमांची वेगळी यादी सुरू केली आणि तिच्यात पहिलं नाव एमडी२ घातलं. ओपनएसएसएलने २०१६ मध्ये निर्यातीचे संच कोडमधूनच काढले. सर्वांत महत्त्वाचा बदल ऑगस्ट २०१८ चा. टीएलएस १.३ प्रसिद्ध झालं, त्यात संच उरले फक्त पाच. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी नोंदवलेले संच तीनशेच्या पलीकडे गेले होते. त्याच महिन्यात या संचांच्या अधिकृत नोंदवहीत एक नवा रकाना आला: शिफारस आहे की नाही. तोवर वर्षानुवर्षं त्या वहीत मुख्यतः क्रमांक, नाव आणि संदर्भ असायचे. निर्यातीचा संच आणि आजचा उत्तम संच एकाच ओळीत, एकाच टायपात. एक होय किंवा नाही लिहिण्यासाठी एवढा काळ लागला, कारण ते लिहिणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. तशी जबाबदारी घेणारे लोक पुढे आले, ही या इतिहासातली समाधानाची गोष्ट आहे.

ही जबाबदारी आता मोठ्या परीक्षेला बसणार आहे. क्वांटम संगणकापुढे आरएसए आणि लंबवर्तुळी वक्रांवरच्या पद्धती टिकणार नाहीत म्हणून अमेरिकेत प्रमाणं ठरवणाऱ्या एनआयएसटी या संस्थेने २०१६ मध्ये नवी स्पर्धा सुरू केली आणि १३ ऑगस्ट २०२४ ला तीन प्रमाणं जाहीर केली: एमएल-केम, एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये तिन्ही आली आहेत. स्पर्धेच्या चौथ्या फेरीत पोचलेला साइक हा अल्गोरिदम २०२२ च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडला. अनेक वर्षं तपासला गेलेला उमेदवार एका दुपारीत बाद होतो, तेव्हा खाच असणं किती मोलाचं आणि नाव ताबडतोब काढता येणं किती गरजेचं, हे दोन्ही एकाच वेळी सिद्ध होतं. एनआयएसटीच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात २०४८ बिटांच्या आरएसएला २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बाद ठरवायचं सुचवलं आहे. या वेळी तारीख आधी लिहिली गेली आहे. पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा परदेशात बसून जे मराठी प्रोग्रामर बँकांची, रुग्णालयांची, सरकारी खात्यांची सॉफ्टवेअर सांभाळतात, त्यांना एवढंच सांगणं आहे: आपल्या यंत्रणेत आरएसए, शहा-१ आणि ट्रिपल डीईएस नेमके कुठे कुठे आहेत त्याची नोंद या वर्षीच करून ठेवा, आणि आपण स्वतः लिहिलेल्या प्रत्येक यादीत नावासमोर ते कधी निघणार तेही लिहा.